फॉर्मवर दहापैकी दहा, आणि रात्री दीड वाजता?

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत ऐकत असाल तर आधी काढा, घरी जाऊन ऐका. मागच्या सीटवर असाल तर चालेल.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न देते. वाक्य असं आहे: "दारू पिऊन गाडी चालवणं चुकीचं आहे." तुम्ही किती सहमत आहात? पर्याय पाच. पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. मनातल्या मनात बोट ठेवा.

ठेवलंत? पहिल्या पर्यायावर ठेवलंत. बरोबर? मला कसं कळलं म्हणाल, तर सगळेच तिथं ठेवतात. जो पिऊन गाडी चालवतो तोही तिथंच ठेवतो. म्हणजे एवढा प्रश्न विचारून माझ्या हाती काय लागलं? तुम्हाला बरोबर उत्तर माहीत आहे, एवढंच.

तर आजचा विषय हा आहे. तरुण पोरापोरींना पिऊन गाडी चालवण्याबद्दल खरंच काय वाटतं, हे मोजायचं कसं? विषय ऐकून जांभई येईल, मला माहितीये. पण मी सायकॉलॉजीची विद्यार्थिनी होते, आणि हा प्रश्न माझ्या घरात येऊन बसलाय. त्यामुळे ऐका थोडं.

मी एमए करत होते तेव्हा कॉलेजात रस्ता सुरक्षा सप्ताह होता. गेटवर बॅनर, कॅन्टीनमध्ये क्यूआर कोड, स्कॅन करा, फॉर्म भरा, सर्टिफिकेट घ्या. दहा प्रश्न होते आणि सगळे अशाच वळणाचे. हेल्मेट आवश्यक आहे का, दारू पिऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे असे आपणास वाटते का. आमच्या टेबलवरच्या सगळ्यांनी तीन मिनिटांत भरून टाकला. दहापैकी दहा. आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, "बसायचं का?"

आपल्या भाषेत "बसायचं" या शब्दाला केवढा अर्थ आहे बघा. पिणं, चकणा, गप्पा, उशीर, सगळं त्यात येतं. फक्त उठल्यावर घरी कसं जायचं, तेवढं येत नाही. त्या रात्री होस्टेलच्या पार्किंगमधून कोण कुठल्या गाडीवर गेलं आणि कसं परत आलं, ते मी गॅलरीतून बघितलं. सर्टिफिकेटं सगळ्यांकडे होती.

पुणेकरांना अजून एक आठवत असेल. मे २०२४, कल्याणीनगर. भरधाव कारनं दुचाकीला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले. कार चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याला जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली होती. सगळा महाराष्ट्र भडकला. खटल्याबद्दल मी बोलत नाही, ते कोर्टाचं काम. मी निबंधाबद्दल बोलतेय. आपण चिडलो, कारण निबंधातून माणसाला काय वाटतं ते कळत नाही, हे आपल्याला चांगलं माहीत होतं. शाळेत "माझा आवडता छंद : वाचन" आपण सगळ्यांनीच लिहिलंय. मग ते दहा प्रश्नांचे फॉर्म तरी काय वेगळे असतात?

ही जी पाच पर्यायांची पट्टी आहे ना, ती रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन माणसानं १९३२ मध्ये मांडली, म्हणून तिला लिकर्ट स्केल म्हणतात. फूड ॲपवर जेवणाला रेटिंग देता, तीही तिचीच लांबची नातेवाईक. पट्टी वाईट नाही. पण ज्या गोष्टीचं "शोभेल असं उत्तर" आधीच ठरलेलं असतं, तिथं ती गंडते.

आणि बोलणं एक, वागणं दुसरं, ही गोष्ट जुनीच आहे. १९३०च्या सुमारास रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. तेव्हा तिथं चिनी लोकांबद्दल बराच द्वेष होता. ते २५१ हॉटेलांत आणि खाणावळींत गेले. नकार किती ठिकाणी मिळाला? एका. नंतर त्यानं त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी लिहिलं, नाही घेणार. हे १९३४ मध्ये छापून आलं. त्यांचं बोलणं वाईट होतं आणि वागणं बरं. आपल्याकडे या विषयात बरोबर उलटं आहे. पण धडा तोच, की कागदावरचा प्रश्न आणि दारात उभा असलेला माणूस या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आता माझ्या घरातली गोष्ट.

माझा मामेभाऊ. सातारा जिल्ह्यातला, तेव्हा २३ वर्षांचा. हुशार, कामाचा, आईला न सांगता कुठं जात नाही असला. मित्राच्या हळदीला गेला होता, शेजारच्या गावात. अंतर सहा किलोमीटर. रात्री परत येताना मोरीच्या कठड्याला बाईक लागली. जिवावर आलं ते पायावर निभावलं. मांडीत रॉड आहे, अजून जिना चढताना एक हात कठड्याला लागतो. मागं कोणी बसलं नव्हतं, हे नशीब.

हॉस्पिटलमध्ये मी त्याच्याजवळ बसले होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "ताई, मला काय माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. पण सगळेच निघाले होते. मी एकटा काय म्हणून थांबणार? आणि त्यांच्या घरात पाहुणे किती, झोपायला जागा कुठं मागायची?"

हे वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आले. कारण मी शिकत होते तेच हा पोरगा पलंगावर पडून सांगत होता. आइझेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाचा एक सिद्धांत आहे, नियोजित वर्तनाचा सिद्धांत म्हणतात त्याला. १९९१ चा त्याचा लेख या विषयातल्या लोकांना तोंडपाठ असतो. तो म्हणतो, माणूस काय करायचं ठरवेल हे ओळखायचं असेल तर तीन गोष्टी विचारा. एक, त्याला स्वतःला ती गोष्ट कशी वाटते. दोन, आपल्या जवळच्यांची काय अपेक्षा आहे असं त्याला वाटतं. तीन, वेगळं वागणं आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का.

आता भावाचं वाक्य परत ऐका. "सगळं माहीत होतं", हे पहिलं. "सगळेच निघाले होते", हे दुसरं. "जागा कुठं मागायची", हे तिसरं. कॉलेजातला तो फॉर्म दहाच्या दहा वेळा फक्त पहिलंच विचारत होता. माझ्या भावाला दिला असता तर त्याला दहापैकी दहा मिळाले असते, आणि तो त्या मोरीवर गेलाच असता.

मग प्रश्न कसे हवेत? मी काही लिहून बघितलेत, ऐका.

"मित्राची हळद आहे. रात्रीचा दीड. तू दोन पेग घेतलेत. घर सहा किलोमीटर. चौघं गाड्या काढतायत. तू गाडी काढशील, याची शक्यता शून्य ते दहामध्ये किती?" बघा, यात चूक-बरोबर काही विचारलंच नाही.

पुढचा. "तुझ्या जवळच्या पाच मित्रांपैकी किती जण अशा वेळी गाडी काढतील?" याचं उत्तर लोक जास्त मोकळेपणानं देतात, कारण दुसऱ्याबद्दल बोलायचंय. आणि दुसऱ्याबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल बरंच सांगून जातो.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा. "त्या रात्री तू थांबायचं ठरवलंस, तर कुठं थांबशील? न्यायला कोणाला बोलावशील? त्या माणसाला फोन करायला तुला किती अवघड वाटेल?" शहरातला मुलगा म्हणेल कॅब. पण वाठारच्या पुढं रात्री दीडला कुठली कॅब? तिथं पर्याय म्हणजे बाबांना फोन. आणि बाबांना फोन म्हणजे आधी हे कबूल करायचं, की मी पितो. कित्येक पोरांना त्यापेक्षा अंधारातला रस्ता सोपा वाटतो. जो फॉर्म ही भीती मोजत नाही, तो माझ्या मते काहीच मोजत नाही.

भीतीवरून आठवलं. खरं उत्तर द्यायची भीती आपल्याकडे जास्त आहे, त्याला कायद्याचंही कारण आहे. गाडीचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं. पण महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनसाठी २१ पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी २५. गोव्यात १८. म्हणजे पुण्यातल्या २० वर्षांच्या मुलाला "तू पिऊन गाडी चालवलीस का" असं विचारलं, तर "हो" म्हणताना तो एकात दोन गुन्हे कबूल करतो. आणि वर फॉर्मच्या पहिल्या रकान्यात नाव, वर्ग, रोल नंबर! मग काय लिहील बिचारा?

यावर एक भारी युक्ती आहे. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये तिची मूळ कल्पना मांडली, मी त्याची सोपी आवृत्ती सांगते. प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, "हो" लिहायचं. काटा पडला तर खरं लिहायचं. आता तुमच्या कागदावर "हो" असेल तर ते नाण्याचं का तुमचं, हे कोणालाच सांगता येणार नाही. ना सरांना, ना पोलिसांना. पण सगळ्यांचा मिळून आकडा मात्र काढता येतो. समजा १०० जण आहेत आणि ६० "हो" आले. त्यातले साधारण ५० नाण्यामुळे. उरलेले १० "हो" आले काटा पडलेल्या ५० जणांकडून. म्हणजे पाचातला एक. एकाचंही गुपित फुटलं नाही आणि वर्गाचं कळलं! मात्र माणसं भरपूर लागतात. १५ जणांच्या ग्रुपवर करायला गेलात तर गंमत होईल, आकडा मिळणार नाही.

मध्येच एक सांगते, कारण ते "मी ठीक आहे" या वाक्याशी जोडलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आता आपल्याकडचं लाडकं वाक्य, "एकच बियर घेतलीये रे." स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्के धरा. शुद्ध अल्कोहोल झालं ४० ग्रॅमच्या आसपास. विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाचं सूत्र ६५ किलोच्या मुलाला लावलं, तर आकडा ९० च्या आसपास जातो. मर्यादेच्या तिप्पट. मुलीच्या शरीरात तेवढ्याच वजनाला अजून जास्त. आणि शरीर ते काढून टाकतं ताशी साधारण १५ नं. म्हणजे ३० वर यायला चार तास. लिंबू, ताक, गार पाणी, काळी कॉफी, यांपैकी कशानंही तो वेग वाढत नाही. हा हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक बदलतो, तेव्हा याच्यावर प्लॅन करू नका. मुद्दा असा, की "तू पिऊन चालवतोस का" या प्रश्नाला एका बियरवाला पोरगा "नाही" असं लिहितो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात "पिऊन" म्हणजे टल्ली. म्हणून सर्व्हेत "पिऊन" हा शब्द टाकण्यापेक्षा "शेवटचा घोट आणि किक यांत किती वेळ गेला होता" असं विचारावं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अमेरिकेत मोंटाना नावाचं राज्य आहे. लांबच लांब रस्ते, वस्ती विरळ. तिथं २१ ते ३४ वयाच्या लोकांना विचारलं, गेल्या महिन्यात दोन किंवा जास्त ड्रिंक घेऊन तासाभराच्या आत गाडी चालवली का? साधारण २० टक्के "हो" म्हणाले. मग विचारलं, तुमच्या वयाच्या बहुतेकांनी असं केलं असेल का? आणि ९२ टक्के म्हणाले, हो, बहुतेक जण करतात.

परत सांगते. करणारे पाचात एक. आणि "सगळेच करतात" असं मानणारे दहात नऊ.

तुम्ही म्हणाल, ताई, ते २० टक्केसुद्धा त्यांनी स्वतःच सांगितलेले. बरोबर आहे, थोडे लपवले असतील. पण २० आणि ९२ मधला खड्डा नुसत्या लपवालपवीनं भरत नाही. मग तिथल्या लोकांनी काय केलं, तर फुटलेल्या काचा आणि रक्त दाखवायच्या ऐवजी २००२-०३ मध्ये राज्याच्या एका भागात टीव्हीवर, रेडिओवर एवढंच सांगितलं, की आपल्यातले पाचातले चार जण पिऊन गाडी चालवत नाहीत. बास. सव्वा वर्षानं जिथं मोहीम नव्हती त्या भागाशी तुलना केली, तर पिऊन चालवल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण तुलनेत १३.७ टक्क्यांनी घटलं होतं.

मला हे पटतं, कारण आपला फोन उघडून बघा ना. ३१ डिसेंबरच्या रात्री स्टोरी कोण टाकतं? जो बाईकवर ओरडत चाललाय तो. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास कुडकुडत उभा राहिलेला स्टोरी टाकत नाही. आईला "सकाळी येतो" असं सांगून मित्राकडे चटईवर झोपलेला तर नाहीच नाही. "एफसी रोडला नाकाबंदी लागलीये, आतून काढा" हा मेसेज शंभर ग्रुपवर फिरतो. "मी आज गाडी आणलीच नाही" हा मेसेज कोण फिरवतो? मग आपल्याला वाटतं, सगळेच करतात. माझ्या भावालाही तेच वाटलं. नंतर कळलं, की त्या हळदीत गाड्या काढल्या चौघांनी. अकरा जण तिथंच मांडवात गोणपाटावर झोपले होते. त्याला दिसले ते फक्त निघालेले.

काही देशांत तर प्रश्न विचारायच्या भानगडीतच पडत नाहीत, सरळ फुंकायला सांगतात. अमेरिकेत १९७३ पासून काही वर्षांच्या अंतरानं रस्त्यावरचा सर्व्हे झाला. शनिवार-रविवारच्या आधीच्या रात्रींना कुठलीही गाडी थांबवायची, विनंती करायची, नाव न विचारता फुंक घ्यायची. कोणी प्यायलेला निघाला तर अटक करायची नाही, घरी पोचवायची सोय करायची. त्यांच्या ०.०८ या मर्यादेच्या वर असलेले १९७३ मध्ये ७.५ टक्के होते, २०१३-१४ मध्ये १.५ टक्के. असला आकडा खरा वाटतो, कारण इथं कोणी स्वतःबद्दल चांगलं लिहीत बसलेलं नाही.

आपल्याकडे हाताशी असतात ते बहुतेक अपघातानंतरचे आकडे. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ४४ टक्क्यांहून जास्त. आणि दारू किंवा नशा हे कारण नोंदवलेले मृत्यू साधारण अडीच टक्के. अडीच! शनिवारी रात्री कुठल्याही ढाब्याबाहेरचं पार्किंग बघा आणि मला सांगा, पटतंय का. जखमीला दवाखान्यात पोचायला दोन तास, आधी जीव वाचवायची धावपळ, रक्त तपासायचं कोणाच्या मनात येतं? तोवर तासाला पंधरानं आकडा उतरतोय. कागदावर "अतिवेग" लिहिलं की विषय संपला. माझ्या भावाच्या कागदावर कारण लिहिलंय, "वाहनावरील ताबा सुटल्याने".

त्याला मी माझे हे प्रश्न दाखवले, अलीकडेच. तो शांतपणे वाचत गेला. शून्य ते दहाच्या प्रश्नावर थांबला, म्हणाला, "तेव्हाचं लिहू का आताचं?" मी म्हटलं, दोन्ही लिही. तेव्हाचं नऊ लिहिलं. आताचं दोन. मी म्हटलं, अरे एवढं होऊन शून्य का नाही? तर म्हणाला, "शून्य लिहिलं तर तू खरं मानशील का?"

हा दोन मला कुठल्याही "पूर्णपणे सहमत"पेक्षा जास्त खरा वाटला.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावातला, तुमच्या ग्रुपमधला खरा प्रसंग लिहून पाठवा. रात्र कुठली, अंतर किती, बरोबर कोण, आणि न चालवायचं ठरवलं तर नेमकं काय अडतं, हे लिहा. लॉजचे पैसे, बाबांचा फोन, मित्रांचं हसणं, जे असेल ते. पुढच्या एपिसोडला त्यातून प्रश्न तयार करू आणि एखाद्या कॉलेजच्या सप्ताहात चिकटवता येतात का बघू. नाव लिहू नका. नाणं उडवून पाठवलंत तरी चालेल.

भेटू पुढच्या गुरुवारी.